नखाएवढे दुःख

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सहामाही परीक्षा आटोपली होती आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेला दिवाळीची सुट्टी लागणार होती. त्या दिवशी मुलांना पेढे वाटण्याचा आमच्या शाळेत परिपाठ आहे. मी पुडा घेऊन रांगेतून फिरत होतो. चौथीतली एक लहानगी आपला तळवा पुढे करून उभी होती. मी पेढा ठेवणार, तोच तिची नजर माझ्या बोटांवर गेली. हात आपोआप मागे गेला. मग तिला स्वतःच्याच वागण्याची लाज वाटली असावी. तिने फ्रॉकचा कोपरा पसरला आणि पेढा त्यात घेतला.

संध्याकाळी तिची आई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. वर या म्हटले तरी येईना. पदराचे टोक चाळवीत ती म्हणाली, "गुरुजी, राग नोका मानू जी. पोरगी म्हणते, तुमच्या नखायले काही झालं हाय. हे महारोग त नोहे ना जी?"

"छे, छे! महारोग नव्हे हो!" मी घाईघाईने म्हणालो. "कातडीचा साधा विकार आहे. कुणाला लागत नाही, कुणाला होत नाही. मुलीला खुशाल पाठवा."

त्या माउलीचा चेहरा एकदम उजळला. माझाही उजळला असावा. पण ती वळली आणि मला दिसले की, फाटकाबाहेर रस्त्यावर आमच्याच शाळेतला पाचवीतला एक मुलगा आपल्या आजोबांना घेऊन उभा आहे. मुलगा त्यांना 'आबाजी' म्हणतो. म्हणून सगळे गावही त्यांना आबाजीच म्हणते. आबाजींच्या दोन्ही हातांची बोटे झिजून पेरांवर आली आहेत. त्यांचा रोग औषधाने पुरता बरा होऊन कित्येक वर्षे लोटली. पण गेलेली बोटे परत येत नाहीत. ते माझ्याकडेच काही कामाला आले होते की सहज थांबले होते, कोण जाणे. त्यांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढे चालू लागले.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी खोटे काहीच बोललो नव्हतो. मला महारोग नव्हता, हे सत्य होते, आणि ते सांगणे माझे कर्तव्यही होते. कारण शिक्षकाच्या हाताला मुले बुजू लागली, तर त्याने शिकवावे कसे? मग टोचत काय होते? पुष्कळ विचार केल्यावर ध्यानात आले की, टोचत होते ते 'महारोग नव्हे' हे शब्द नव्हेत. त्यांच्या आधीचे 'छे, छे' टोचत होते. त्या दोन अक्षरांत मी त्या बाईची भीती खरी धरली होती. तुमची भीती योग्यच आहे, फक्त माणूस चुकला, पलीकडे रस्त्यावर जो उभा आहे तो पाहा, असेच जणू मी तिला सांगितले होते. स्वतः बुडू नये म्हणून मी दुसऱ्याच्या खांद्यावर पाय दिला होता.

वाचकहो, सणासुदीच्या दिवशी रोगाचे पुराण लावतो आहे, याबद्दल क्षमा असावी. पण दिवाळी हा हातांचाच सण आहे. उटणे लावायला हात लागतात, रांगोळीची चिमूट हातातून सुटते, करंजीची मुरड बोटांनी घालावी लागते, भाऊबीजेला बहीण हातावर विडा ठेवते. ज्याला हात लपवावे लागतात, त्याला ही दिवाळी कशी जाते, हे मी सांगितले नाही तर कोण सांगणार?

माझ्या रोगाचे नाव सोरायसिस. तो पुष्कळांना कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात होतो. पांढुरके पापुद्रे सुटतात. मला तो थोडासा कातडीवर झाला आणि सारा नखांत शिरला. शिंप्याच्या अंगुस्तानावर खळगे असतात तसे आधी नखांवर बारीक खळगे पडले. मग नखाखाली तेलाचा थेंब सांडल्यासारखे पिवळसर डाग आले. पुढे नख बोटापासून सुटून वर उचलले गेले आणि खाली भुशासारखे काहीतरी साठू लागले. पहिली काही महिने ही बुरशी आहे असे समजून औषधे झाली, कारण दिसायला दोन्ही सारखीच. ज्यांना हा विकार असतो त्यांच्यापैकी पुष्कळांच्या नखांवर तो केव्हा ना केव्हा उतरतो. आणि नखे बिघडली की सांध्यांकडे लक्ष ठेवावे लागते, कारण नखाचे मूळ आणि बोटाच्या टोकाचा सांधा हे अगदी शेजारी शेजारी नांदतात.

नख म्हणजे बोटाचा दागिना, अशी माझी समजूत होती. ते अवजार आहे, हे ते गेल्यावर कळले. जमिनीवर पडलेला तांदळाचा दाणा उचलता येत नाही. सदऱ्याचे बटण लागत नाही. दोऱ्याची गाठ सुटत नाही. पुस्तकाचे पान उलटत नाही. लेखणी धरली तर अंगठ्यात कळ जाते. आणि ज्याला दिवसा फळ्यावर आणि रात्री कागदावर लिहायचे असते, त्याच्या दृष्टीने ही कळ लहान नव्हे. आमच्या भागात उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला घरची घरे जंगलात जातात, पावसाळ्यात चिखलात वाकून धानाची रोवणी करतात, चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचतात. त्या बायांच्या हातांकडे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. आता मी माणसाचा चेहरा पाहण्याआधी त्याची नखे पाहतो.

या रोगाचा इतिहास मी मिळेल तेथून वाचला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. वैद्यकाची परिभाषा मला परकी. परंतु एक गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. जुन्या काळी युरोपातले वैद्य माझा रोग आणि महारोग यांत नीट भेदच करीत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी सोरायसिसचे बारकाईने वर्णन केले. पण त्यांनीही त्याच्या एका प्रकाराला नाव दिले ते महारोगाच्याच शब्दावरून. १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी या दोन रोगांची नावे कायमची वेगळी केली. म्हणजे त्यापूर्वी माझ्यासारख्या नखांची किती माणसे महारोगी म्हणून गावाबाहेर घालवली गेली असतील, याची गणती नाही. विज्ञानाने आम्हांला त्या पंक्तीतून उठवले आणि या तीरावर आणले. पण आमच्या शेजारी त्या तीरावर जे बसले होते, ते तिथेच राहिले. आणि आम्ही मागे वळून म्हणालो, 'छे, छे!'

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सनने महारोगाचा जंतू शोधला. १९४० नंतर डॅप्सोन हे औषध आले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली, आणि १९९५ पासून ती औषधे जगभर फुकट मिळू लागली. आज महारोग सहा महिन्यांत, फार तर बारा महिन्यांत, गोळ्यांनी बरा होतो. लवकर सापडला तर बोटालाही धक्का लागत नाही. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला धोकाही उरत नाही. उलट माझा हा 'साधा विकार' मुळातून बरा होत नाही. तो आटोक्यात राहतो, तोही महाग औषधांनी, आणि औषध थांबले की पुष्कळदा परततो. ज्या रोगाच्या नुसत्या नावाने माणसे हात मागे घेतात, तो रोग फुकट बरा होतो. आणि ज्याचे नाव ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडतो, तो जन्मभर सोबत करतो!

मग भीती कुणाची वाटावयाला हवी? पण भीती पंचांग पाहत नाही. औषध निघाले तरी ती आपल्या जागी बसून राहते. महारोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा इंग्रजी अमदानीतला १८९८ चा कायदा आपण २०१६ साली रद्द केला. नवऱ्याला वा बायकोला हा रोग आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मागण्याची सोय कायद्यातून गेली ती २०१९ साली. औषध आल्यानंतर कायद्याला शहाणपण यायला इतकी वर्षे लागली. तर चौथीतल्या मुलीला मी काय बोलणार? आणि रोग संपलेला नाही. जगात दरसाल जे नवे रुग्ण सापडतात, त्यांतले निम्म्याहून अधिक आपल्या देशात सापडतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून आजही ते सापडतात.

हे मी लिहितो आहे ते वरोऱ्याच्या जिल्ह्यात बसून, ही गोष्ट तर मला अधिकच लाजवणारी. वरोऱ्याच्या रस्त्यावर पावसात पडलेला तुळशीराम नावाचा एक महारोगी मुरलीधर देवीदास आमट्यांनी पाहिला आणि ते पळाले, ही कथा विदर्भातल्या शाळाशाळांतून सांगितली जाते, मीही सांगतो. आमटे हे भित्रे गृहस्थ नव्हते. वकील होते, शिकारी होते, गोऱ्या सोजिरांना अंगावर घेतलेले होते. स्वतःला निर्भय समजणारा माणूस एका मरणासन्न देहाला पाहून पळाला, याचा त्यांना धक्का बसला आणि ते परत आले. कलकत्त्याला जाऊन त्यांनी या रोगाचे शिक्षण घेतले. प्रयोगासाठी त्यांनी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले. १९५१ साली सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. त्याच्याही आधी, १९३६ साली, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी कुष्ठधाम उभे केले होते. १९४६ साली अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले. सेवाग्रामला परचुरे शास्त्र्यांच्या अंगाला गांधीजी स्वतः मालिश करीत.

मुलांना ही कथा सांगताना मी नेहमी आमट्यांच्या परत येण्यावर भर देत असे. आता मला त्यांचे पळणे अधिक महत्त्वाचे वाटते. ते पळाले आणि आपण पळालो हे त्यांनी कबूल केले. मी जागचा हललो नव्हतो. अंगणात उभा राहून, हसतमुखाने, सभ्य भाषेत पळालो होतो. अशा पळण्याची माणसाला स्वतःलाही चाहूल लागत नाही.

हा झाला एक प्रश्न. दुसरा प्रश्न औषधाने उभा केला.

गोळ्या झाल्या, मलमे झाली, नखाच्या मुळाशी सुया झाल्या. त्या सुयांचे वर्णन दिवाळी अंकात करीत नाही. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी जैविक औषध सुचवले. त्याचे काम त्यांनी समजावले ते मला आमच्या गावच्या भाषेत असे कळले: शरीरात शत्रू शिरला म्हणजे दवंडी पिटणारे काही कोतवाल असतात. त्यांतल्या एकाचे नाव टीएनएफ. माझ्या शरीरात शत्रू नसतानाच हा कोतवाल रात्रंदिवस दवंडी पिटतो. ती ऐकून कातडीच्या पेशी घाबरतात आणि एरवी महिनाभर चालणारे काम चार-पाच दिवसांत उरकू पाहतात. त्या घाईत कातडी बिघडते, नखाचा साचा बिघडतो. जैविक औषध म्हणजे त्या एकट्या कोतवालाला गाठून त्याची दवंडी बंद करणारे प्रथिन. ते कारखान्यातल्या रसायनांतून घडवता येत नाही. चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींमध्ये ते वाढवावे लागते. पोटात घेतले तर अन्नाबरोबर पचून जाईल, म्हणून कातडीखाली टोचतात. थंड पेटीत ठेवावे लागते. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे हे औषध सांभाळणे म्हणजे तान्हे मूल सांभाळण्यासारखेच झाले.

ही विद्या निघाली १९७५ साली. केंब्रिजला कोहलर आणि मिल्स्टाइन या दोघा शास्त्रज्ञांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची युक्ती शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या युक्तीचे पेटंट कुणी घेतले नाही; ती सर्व जगाला मोकळी राहिली. टीएनएफला आवरले तर सांध्यांचा दाह शमतो, हे लंडनला दाखवून देणाऱ्या दोघांपैकी एक, रविंदर मैनी, हे मूळचे पंजाबातले. त्या ज्ञानातून पुढे अ‍ॅडालिमुमॅब हे औषध झाले. २००२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि पुढे कैक वर्षे ते जगातले सर्वांत अधिक खपाचे औषध ठरले. एकट्या २०२२ साली त्याची विक्री २,१०० कोटी डॉलरांच्या आसपास गेली. पेटंटांच्या तटबंदीमुळे अमेरिकेत त्याला स्पर्धक उभा राहिला तो २०२३ साली. आपल्याकडे मात्र डिसेंबर २०१४ मध्येच अहमदाबादच्या एका कंपनीने त्याची प्रतिकृती आणली, आणि ती अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात. या पाचव्या हिश्श्यामुळेच हा प्रश्न माझ्यासारख्या मास्तरच्या घरात शिरू शकला. नाहीतर तो नागपूरच्या दवाखान्याच्या पायरीवरूनच परत गेला असता.

तरीही पाचवा हिस्सा हा काही लहान हिस्सा नव्हे. पंधरा दिवसांतून एक इंजेक्शन, आणि ते किती वर्षे घ्यावे लागेल याचा भरवसा नाही. एक वडीलधारे सहकारी मला म्हणाले, "गुरुजी, नखाने होईल त्याला कुऱ्हाड कशाला म्हणतात, तुम्ही तर नखासाठीच कुऱ्हाड आणायला निघालात!" दुसरे एक गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात तान्ही मुले मरतात. तुमच्या नखांच्या पैशात किती जीव वाचतील, याचा विचार केलात का?"

हा घाव वर्मी लागला; कारण त्यात खरे पुष्कळ होते. आमच्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून काम करीत आहेत. त्यांनी खेड्यातल्या, थोड्या शिकलेल्या बायांना तान्ह्या बाळाचा श्वास मोजायला, त्याला ऊब द्यायला, वेळेवर औषध द्यायला शिकवले. त्यांच्या कामाच्या गावांत १९८८ साली हजारात १२१ बालके वर्ष पुरे होण्याआधी दगावत. २००३ पर्यंत हा आकडा ३० वर आला. त्यासाठी फार महाग यंत्रे लागली नाहीत. हे ऐकल्यावर, स्वतःच्या दहा नखांसाठी थंड पेटीतले औषध मागवणाऱ्याने मान खाली घालू नये तर काय करावे?

मी काही दिवस मान खाली घातली. मग हळूहळू माझ्या ध्यानात आले की, हा हिशेब सरकारने करावा, जिल्हा परिषदेने करावा, तेथे तो अगदी रास्त आहे. जनतेचा पैसा आधी तान्ह्या बाळाकडे गेला पाहिजे आणि मागाहून मास्तरच्या नखाकडे. पण तोच हिशेब आजाऱ्याच्या तोंडावर फेकला की त्याचे रूप पालटते. मी इंजेक्शन घेतले नाही, तर ते पैसे आपल्या पायांनी चालत भामरागडच्या झोपडीत जाणार नाहीत. आणि मला तो प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी त्याच आठवड्यात धनत्रयोदशीला सोने घेतले. त्यांना कुणी विचारले नाही, या सोन्यात किती जीव वाचतील म्हणून. गरिबांची आठवण आपल्याला दुसऱ्याच्या औषधाच्या वेळी येते, आपल्या दागिन्यांच्या वेळी येत नाही. ही दया नव्हे. आजाऱ्याला अपराधी ठरवून आपण मोकळे होण्याची ती एक तऱ्हा आहे. आजारी माणूस आधीच अपराधी मनाने जगत असतो. म्हणून तो ती चटकन मान्य करतो.

मात्र एवढ्याने मी सुटलो, असे मला वाटत नाही. त्या आरोपातला एक कण खरा होता आणि तो मला औषधानेच दाखवला.

झाले असे की, इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी माझी क्षयाची तपासणी केली. मी म्हणालो, "मला खोकला नाही, ताप नाही." ते म्हणाले, "तुम्हांला क्षय नसेल. पण क्षयाचा जंतू तुमच्या फुप्फुसात निजलेला असू शकेल. या देशात फार जणांच्या छातीत तो निजलेला आहे. ज्या कोतवालाची आपण दवंडी बंद करणार, तोच त्या जंतूला कोठडीत कुलूपबंद ठेवतो. कोतवाल गप्प झाला तर कोठडी उघडेल." हाताला मंटूची सुई टोचली, तिसऱ्या दिवशी ती जागा चांगली सुजून आली. छातीचे चित्र स्वच्छ होते. जंतू आत होता, निजलेला. आधी त्याच्यावर गोळ्या सुरू झाल्या आणि महिनाभराने इंजेक्शन मिळाले.

हा जंतू माझ्या छातीत आला कोठून? जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. तो जंतू एखाद्या बसमध्ये आला असेल, बाजारात आला असेल, वर्गात पहिल्या बाकावर खोकणाऱ्या एखाद्या मुलाच्या श्वासातून आला असेल. त्याच्या घरी अंधाऱ्या खोलीत कुणी खोकत असेल, उपचार अर्धवट सोडून. माझे महागडे औषध केंब्रिजच्या विद्येतून आले, अहमदाबादेतून आले, नागपुरातून थंड पेटीत बसून आले. आणि ते मला मानवेल की मारील हे ठरणार होते त्या अंधाऱ्या खोलीतल्या खोकल्यावर! मला वाटत होते, हा माझा खासगी खर्च आहे, माझ्या दहा नखांचा. पण शेजाऱ्याच्या फुप्फुसापासून वेगळे असे माझे नखसुद्धा नाही. शेजाऱ्याचा रोग फुकट आणि पुरता बरा होणे, यावरच माझे महाग औषध उभे आहे. म्हणून मला औषध घेण्याचा अधिकार आहे. पण ते घेऊन दार लावून बसण्याचा नाही. हा तो कण होता.

घरात निर्णय मात्र इतक्या तत्त्वज्ञानाने झाला नाही. पत्नी म्हणाली, "सहा वर्षे तुमच्या सदऱ्याची बटणे मी लावते आहे. ती तुमची तुम्ही लावावीत, एवढीच माझी इच्छा आहे. बाकीचे तुम्ही कादंबरीत लिहा." भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. कादंबरीच्या मानधनाचाही त्याला हातभार लागला. तो किती, हे प्रकाशकांचा मान राखण्यासाठी सांगत नाही.

पहिले तीन महिने नखांत काही फरक दिसला नाही. कोपरावरचे चट्टे केव्हाच गेले होते, पण नखे तशीच. डॉक्टर म्हणाले, "हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला वर्षाहून अधिक. बिघडलेले नख दुरुस्त होत नाही, गुरुजी. ते पुढे सरकत जाते आणि मागून चांगले येते." मग एका सकाळी तर्जनीच्या मुळाशी गुळगुळीत, गुलाबी अशी कोर दिसली, द्वितीयेच्या चंद्राएवढी. मी ती पत्नीला दाखवली. ती चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "खरेच की." त्या दिवसापासून मी नखांवरून महिने मोजू लागलो. वर्षाने आठ नखे सुधारली. दोन्ही अंगठ्यांवर अजून थोडे खळगे आहेत. डॉक्टर 'बरा झाला' म्हणत नाहीत. 'आटोक्यात आहे' म्हणतात. औषध लांबवता येईल का, थांबवता येईल का, हे ते पाहत आहेत. मीही 'आटोक्यात' या शब्दाशी संसार करायला शिकलो आहे.

गेल्या दिवाळीला पुन्हा पेढे वाटले. ती मुलगी आता मोठी झाली आहे; तिने हात पुढे केला. तिची आई फाटकाशी भेटली. माझ्या हातांकडे पाहून तिला खरोखरच आनंद झाला. "बरं झालं जी गुरुजी! महारोग नव्हताच म्हणा ते."

या वेळी उत्तर माझ्यापाशी तयार होते. तीन वर्षे ते मी मनात घोकत होतो. मी म्हणालो, "नव्हता, बाई. पण असता तर मी केव्हाच बरा झालो असतो. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने, वर्षभर घेतल्या की संपले. माझा हा रोग मात्र जन्माचा आहे. दोन्हींत निवड करायला मिळाली असती, तर मी तोच मागून घेतला असता."

ती गोंधळली. "असं म्हणता?" एवढेच म्हणाली आणि विचार करीत गेली. तिचा विश्वास बसला की नाही, मला ठाऊक नाही. पण ते वाक्य आता मी वर्गात सांगतो, पालकांच्या सभेत सांगतो, बाजारात कुणी हाताकडे पाहिले तर तेथेही सांगतो. त्यात 'छे, छे' नसते.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी, सोयरेधायरे येतात; दिवसा बाजार आणि रात्रभर नाटक. गेल्या मंडईला मी नाटकाच्या मंडपाबाहेर उभा होतो. बाकावर आबाजी बसले होते. नातू पाळण्यात बसायला गेला होता. आबाजींच्या मांडीवर मिठाईचा पुडा होता, दुकानदाराने सुतळीने करकचून बांधलेला. पेरांवर आलेल्या बोटांनी ते गाठीशी झगडत होते. मला पाहून त्यांनी पुडा पुढे केला.

"एवढी गाठ सोडून द्या ना जी, गुरुजी. पोरगा येते तवर उघडून ठेवतो."

मी त्यांच्या शेजारी बसलो. गाठ भिजलेली होती आणि घट्ट बसली होती. तर्जनीचे आणि अंगठ्याचे नख घालून मी ती हळूहळू सैल केली. मला थोडा वेळ लागला, कारण अंगठा अजून पुरता कामाचा झालेला नाही. सुतळी सुटली. आबाजींनी दोन्ही हातांच्या चिमट्यात जिलेबीचे एक वेढे उचलले आणि माझ्यापुढे धरले. मी ते घेतले आणि तिथेच खाल्ले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग पुड्याकडे पाहिले, आणि विचारले, "औषध लागू पडलं म्हणता?"

"पडलं, आबाजी. तुमच्याएवढं नाही."

ते हसले. आतून नाटकाची तिसरी घंटा ऐकू आली, आणि नातू धावत आला.